आत्याच्या पडवीचा पत्रा

३ जून २०२० ला दुपारी निसर्ग वादळात आत्याच्या घराची पडवी उडाली. ती पडवी मी बांधलेली होती.

हे आधीच सांगून टाकतो. माझं माणगावात फॅब्रिकेशनचं छोटं दुकान आहे. ग्रिल, गेट, जिने आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त म्हणजे पत्र्याच्या शेड. बाबा सुतार होते. त्यांनी जन्मभर कौलांची छपरं घातली, मी पत्र्यांची घालतो. वासे, रिपा, आढं हे छपराच्या लाकडांचे शब्द मी शाळेत जायच्या आधी शिकलो. वेल्डिंग मात्र आयटीआयला शिकलो. त्यामुळे छप्पर म्हटलं की माझ्या डोक्यात दोन माणसं बोलत असतात, एक बाबा आणि एक मी. निसर्गनंतर बाबांचं बोलणं मी जास्त ऐकायला लागलो. ते तेव्हा नव्हते, हे मला अजून लागतं.

आत्याचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर. चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं घर. मधे माजघर, पुढे ओटी, सगळ्यावर मंगळुरी कौलं. मागे गोठा, त्याच्यावर जुने सिमेंटचे पत्रे. २०१७ च्या मे महिन्यात ती मला म्हणाली, "पोरा, पुढची पडवी तेवढी पत्र्याची करून दे. माकडांनी जीव नकोसा केलाय." कोकणात ज्यांचं घर आहे त्यांना यापुढे सांगायची गरज नाही. टोळी छपरावरून गेली की पाच-दहा कौलं फुटतात, आणि पावसात एक फुटकं कौल म्हणजे खाली एक बादली. पूर्वी मृगाच्या आधी कौलं परतायला माणूस यायचा, दोन दिवसांत घर शाकारून जायचा. आता तो माणूस म्हातारा झालाय आणि त्याची मुलं मुंबईत आहेत.

मी हौसेनं केलं काम. घरचंच होतं. चौदा फुटी सात पत्रे, कौलाच्या रंगाचे, पॉइंट पंचेचाळीसचे. म्हणजे ०.४५ मिलिमीटर, बाजारात त्याहून पातळ ०.३५ चा पण मिळतो. चौकोनी पाइपाची फ्रेम, पुढे खांब, मागे घराची भिंत. स्क्रू तर असे सुतात मारले होते की लांबून बघितलं तर रेघ ओढल्यासारखी दिसायची. आत्याचे यजमान तेव्हा होते. त्यांनी खाली उभं राहून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "शोभतंय." मला कुठल्याही गिऱ्हाइकाच्या पैशांपेक्षा ते जास्त वाटलं होतं.

वादळाच्या दिवशी मी माणगावात होतो. आमच्याकडेही वारा होता, दुकानाचं शटर आत-बाहेर होत होतं. दुपारनंतर कुणाचाच फोन लागेना. टॉवर पडले होते, वीज गेली होती. तिसऱ्या दिवशी मी आणि माझ्याकडचा एक मुलगा मोटारसायकलवर कोयता आणि करवत घेऊन निघालो. रस्त्यावर आंब्याची, वडाची झाडं आडवी. कुठे गावकऱ्यांनी कापून वाट केलेली, कुठे आम्ही कापली. श्रीवर्धनच्या बाजूला सुपारीच्या वाड्या बघून पोटात गोळा आला. तिथली रोठा जातीची सुपारी बाजारात नावाजलेली, आणि त्या उभ्या पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एका दिशेला पडल्या होत्या.

आत्या सुखरूप होती. ओटीवर बसून भिजलेलं तांदूळ पसरत होती. मला बघून उठली, पाणी दिलं आणि मग म्हणाली, "तुझी पडवी शेजारच्या वाडीत आहे."

दीडशे फुटांवर, उताणी पडली होती. सातही पत्रे एकमेकांना धरून, खाली पाइपाची चौकट जशीच्या तशी. परातीसारखी. मी जवळ जाऊन एकेक स्क्रू हातानं बघितला. एकही ढिला नव्हता. एकही भोक फाटलं नव्हतं. आणि ज्या चार ठिकाणी फ्रेम भिंतीवर बसवली होती तिथे प्लेटीला चिकटून चार चिरे आले होते. अख्खे चिरे, वरच्या थरातले. पुढच्या खांबांच्या खाली मी वीत-दीड वीत काँक्रीट केलं होतं, ते मुळासकट उपटून आलं होतं, गाजर उपटावं तसं.

पत्रा पाइपाला धरून राहिला. पाइपाला धरून राहायला खाली काही नव्हतं.

आत्यानं रागानं नाही, नुसतं विचारलं, "तू घट्ट केलं नव्हतंस का रे?" मी काही बोललो नाही. काय बोलणार, मी तर सगळं घट्ट केलं होतं.

त्या रात्री वीज नव्हती, आणि त्यांच्या गावात पुढे महिनाभर आलीच नाही. कंदिलाच्या उजेडात मी वहीवर हिशेब केला. खरं तर तो २०१७ ला करायला हवा होता. आयटीआयच्या पुस्तकात नव्हता, पण इमारतींवरच्या वाऱ्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ चा तिसरा भाग, आणि त्यातलं मूळ सूत्र इतकं साधं आहे की दहावीच्या मुलाला जमेल. वाऱ्याचा वेग मीटर-सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ नं गुणा. आलेला आकडा म्हणजे एका चौरस मीटरवरचा दाब, न्यूटनमध्ये. वादळासाठी हवामान खात्यानं सांगितलेला वेग शंभराच्या वरचा होता, आपण ताशी १२० किलोमीटर धरू. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. वर्ग १०८९, गुणिले ०.६, साधारण ६५०. किलोत सांगायचं तर एका चौरस मीटरला ६६ किलो.

पडवीचा पत्रा सत्तावीस चौरस मीटर होता. म्हणजे पावणेदोन टन.

आता हा जोर कुठल्या दिशेनं, हे लोकांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो. सगळ्यांना वाटतं वारा छपराला ढकलतो. भिंतीला ढकलतो, खरं आहे. पण कमी उताराच्या छपरावरून जाताना वारा त्याला वर ओढतो. वरून वेगानं हवा गेली की तिथला दाब कमी होतो. आणि पडवी तीन बाजूंनी उघडी, म्हणजे तोच वारा आत शिरून खालूनही उचलतो. कडेला आणि कोपऱ्यात हा जोर मधल्यापेक्षा खूप जास्त असतो, तिथे माझे पावणेदोन टन पण कमी पडतात. या सगळ्याला खाली ओढून धरायला काय होतं? पत्र्यांचं वजन सव्वाशे किलोच्या आत, पाइपांचं पावणेदोनशे धरा. तीनशे किलो. आणि चार चिरे.

बाबा म्हणायचे, "कौल बसतं. पत्र्याला बसवावं लागतं." मला लहानपणी ते नुसतं बोलणं वाटायचं. मंगळुरी कौल एकेक अडीच-तीन किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. म्हणजे चाळीसेक किलो तर नुसती कौलं, खाली वासे आणि रिपा वेगळ्या. पत्र्याचं वजन त्याच जागेला चार-साडेचार किलो. शिवाय कौलांच्या फटींतून हवा आरपार जाते, वरचा आणि खालचा दाब थोडा सारखा होतो. म्हणून वादळात कौलं उडाली, फुटली, खाली आली, पण आमच्या भागात बऱ्याच घरांचे वासे जागेवर राहिले. पत्रा असं करत नाही. तो हलका आणि सलग. राहिला तर सगळा राहतो, गेला तर सगळा जातो. माझी चूक अशी की मी पत्रा कौलासारखा भिंतीवर ठेवला.

कौलांबद्दल बोलताना लोक "आपली परंपरा" म्हणतात. मला कौल मनापासून आवडतं, पण तेही बाहेरून आलेलं. १८६० च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळुरात कारखाना काढला तिथून ते कोकणभर पसरलं. त्याआधी आमच्याकडे हातानं केलेले नळे होते, नाहीतर गवत. आणि लाटांचा पत्रा त्याहून जुना आहे. लंडनच्या गोदीत काम करणाऱ्या हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा द्यायची पद्धत काढली आणि मग तो पत्रा पावसात टिकायला लागला. पामर यांची कल्पना किती साधी होती ते मी आत्याच्या नातवाला दाखवलं होतं. वहीचं पान दोन डब्यांवर आडवं ठेवायचं, त्यावर पेन ठेवला की पान वाकून खाली पडतं. त्याच पानाला पंख्यासारख्या घड्या घालून ठेवा, पेन राहतो. कागद तोच. पत्र्याला ताकद त्या लाटांमुळे येते, आणि ती लाटेच्या दिशेनंच असते. म्हणून लाट उताराच्या दिशेनं आणि खालचे पाइप तिला आडवे.

तो पावसाळा आत्यानं ताडपत्रीखाली काढला. पत्रा मिळत नव्हता. अख्ख्या किनारपट्टीला एकाच वेळी छप्पर हवं होतं, लॉकडाउन चालू, गाड्या नाहीत, आणि मिळाला तर दुप्पट भाव. माझ्याकडचे दोन्ही वेल्डर उत्तर प्रदेशात आपल्या गावी गेले होते. मी त्या चार महिन्यांत अनेकांची छपरं तात्पुरती झाकली, पण आत्याकडे जायची हिंमत कमी होत गेली. तीच फोन करून विचारायची, "कामं मिळतायत ना?"

जानेवारी २०२१ मध्ये गेलो आणि पंधरा दिवस तिथेच राहिलो.

सुरुवात जमिनीपासून केली. पुढच्या चार खांबांसाठी चार खड्डे, दीड फूट बाय दीड फूट, अडीच फूट खोल. जांभ्याची जमीन, पहारीनं खणताना ठिणग्या उडत होत्या. प्रत्येक खड्ड्यात सळीचा सांगाडा, त्याला बांधलेले खालून वाकवलेले चार बोल्ट, आणि वर काँक्रीट. एका पायाचं वजन पावणेचारशे किलोच्या वर भरतं. चारांचे मिळून दीड टन, शिवाय बाजूची माती त्याला धरते ती वेगळी. आत्या बघत होती. म्हणाली, "पडवी बांधतोयस की देऊळ?"

भिंतीच्या बाजूला जास्त विचार करावा लागला. चिऱ्याची भिंत खालच्या वजनाला भक्कम, पण वरचा थर नुसता मातीच्या किंवा चुन्याच्या जोडणीवर बसलेला असतो. त्याला वर ओढलं की तो येतो, आणि आला. म्हणून वरचा सैल थर काढला. भिंतीच्या डोक्यावर सलग काँक्रीटचा पट्टा घातला, नऊ इंच रुंद, सहा इंच जाड, आत दहा एमएमच्या चार सळ्या. हा पट्टा परत नुसता वर बसला असता तर तीच चूक झाली असती. म्हणून दर चार फुटांवर भिंतीला खोबण पाडून बारा एमएमची सळी चार थर खाली नेली, खाली आडवी वाकवून चिऱ्यात अडकवली आणि खोबण काँक्रीटनं भरली. आता पट्ट्याला उचलायचं तर भिंतीचे चार थर उचलावे लागतील. फ्रेमच्या प्लेटी या पट्ट्यातल्या बोल्टांवर.

फ्रेमला टॅक, म्हणजे वेल्डिंगचे नुसते ठिपके, नाहीत, सगळीकडे पूर्ण वेल्डिंग. घाईत नुसते टॅक मारून रंग लावला की दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून हे लिहितो. काम चालू असताना स्वतः बघा, रंग लागायच्या आधी. पाइपांची तोंडं प्लेटीनं बंद केली, नाहीतर खाऱ्या हवेत पाइप आतून गंजतो आणि बाहेरून पाच वर्षं कळत नाही. रेड ऑक्साइड या गंज रोखणाऱ्या रंगाचे दोन हात. पत्र्याखालचे आडवे पाइप आधी साडेतीन फुटांवर होते, आता मधे तीन फूट आणि दोन्ही टोकांना दोन फूट.

मग पत्रे. ज्या कामासाठी लोक मला बोलावतात ते काम अडीच दिवसांचं. त्यातलाही अर्धा दिवस पहिल्या पत्र्याला जातो. फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपनं मोजायचे, सारखे आले पाहिजेत. पाखेच्या खालच्या कडेला दोरी ताणायची. पहिला पत्रा अर्धा इंच तिरका गेला तर सातव्यापर्यंत खालची कड पायऱ्यांसारखी होते, आणि ते झाकायला मग कुणीतरी ग्राइंडर काढतो. ग्राइंडर पत्र्यावर चालवू नये. त्याच्या तापलेल्या ठिणग्या रंगात रुततात, मुलामा जळतो आणि एका पावसात तिथे तांबडे ठिपके येतात. कातरीनं कापावा. वेळ लागतो, हात दुखतो, पण कापावा. स्क्रूच्या टोकानं पडलेला लोखंडी चुरा सुद्धा संध्याकाळी खाली उतरताना मऊ झाडूनं झाडायचा, तोही गंजतो आणि मालकाला वाटतं पत्राच गंजला.

आमच्याकडे पावसाचा वारा नैर्ऋत्येचा. म्हणून पत्रे उत्तरेकडून घालत दक्षिणेला यायचं. म्हणजे दक्षिणेचा पत्रा उत्तरेच्या पत्र्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड वाऱ्याच्या पाठीला राहते. उलटं केलं की वारा प्रत्येक जोडात पाणी कोंबतो. हे मी २०१७ लाही बरोबरच केलं होतं. लाटेवर लाट चढवली की जोडालाही दर दीड फुटाला बारीक स्क्रू घेतले, हे तेव्हा केलं नव्हतं.

स्क्रू लाटेच्या डोक्यावर, नाळीत म्हणजे दोन लाटांमधल्या खोलगट भागात नाही, कारण पाणी नाळीतून वाहतं. काळ्या रबराचा वायसर असलेलाच स्क्रू. मुलांना मी हे दाखवून शिकवतो. वायसर पत्र्याला टेकला, किंचित फुगून कडेला दिसला की थांब. त्याच्या आधी थांबलास तर गळेल. पुढे गेलास तर रबर चिरडून बाहेर येईल, लाट दबेल आणि त्या खड्ड्यात पाणी साचेल. मशीनच्या आवाजावरून कळतं. टोकांच्या पाइपांवर प्रत्येक लाटेला स्क्रू, मधे एक सोडून एक. २०१७ ला नव्वदेक स्क्रू लागले होते, यावेळी सव्वादोनशेच्या वर गेले.

पत्र्याचं वरचं टोक घराच्या कौलांच्या वळचणीखाली जातं. तिथे नऊ इंच आत सरकवला आणि प्रत्येक नाळीचं टोक पकडीनं वर वळवलं. वळवलेलं टोक दिसत नाही, कुणी विचारत नाही. पण श्रावणात वाऱ्यानं पाणी नाळीतून उलटं वर चढतं, ते या एवढ्याशा वळणावर थांबतं आणि आतली भिंत कोरडी राहते.

खालची कड मला मुद्दाम सांगायची आहे. आधी मी दीड फूट बाहेर काढली होती, पागोळ्या ओट्यापासून लांब पडाव्यात म्हणून. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यामुळे सगळेच तसं मागतात. पण तो बाहेर आलेला दीड फूट म्हणजे वाऱ्याला धरायला दिलेला हात. आता नऊ इंच ठेवली आणि पन्हळ लावली. ओटा थोडा जास्त भिजतो. आत्या त्याबद्दल कुरकुरते, आणि तिचं खरं आहे, पण याबाबतीत मी ऐकलं नाही.

त्याच वेळी गोठ्यावरचे सिमेंटचे जुने पत्रे काढले. ते ॲस्बेस्टॉसचे होते. त्याचे तंतू धुळीतून छातीत गेले की फुफ्फुसाचे गंभीर आजार होतात, म्हणून ते फोडायचे नाहीत, घासायचे नाहीत, कापायचे नाहीत. पाणी मारून ओले करून, बोल्ट सोडवून अख्खे खाली घेतले, तोंडाला मास्क. आणि अशा पत्र्यावर मधे पाय कधीच देऊ नका. वरून दगडासारखा दिसतो, पण जुना झाला की माणसासकट खाली येतो. माझ्या ओळखीचा एक चांगला मिस्त्री असा गेला. मुलांना कमरेला दोर बांधल्याशिवाय मी वर चढू देत नाही. ती चिडतात, चिडू देत.

पत्र्याचे तोटेही आहेत, ते गिऱ्हाइकाला मी आधी सांगतो. उन्हाळ्यात खाली भट्टी होते. आत्याकडे पत्र्याखाली चंदेरी फुगेवाला फोम अंथरला, त्यानं बराच फरक पडला, कौलाइतका नाही. जोराच्या पावसात ओटीवर बोललेलं ऐकू येत नाही. आणि संध्याकाळी ऊन उतरलं की छप्पर टक-टक करतं. पहिल्या आठवड्यात आत्याला वाटलं माकडं आली. चौदा फुटी पत्रा दिवसभराच्या तापण्या-निवण्यात दीड-दोन मिलिमीटर लांबतो आणि आखडतो, त्याचा तो आवाज.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ येतंय म्हटल्यावर मी १५ तारखेलाच आत्याकडे जाऊन राहिलो. ते किनाऱ्याला समांतर समुद्रातून वर गेलं. रात्रभर मी पडवीत एका खांबाला हात लावून बसलो होतो. झोत आला की खांब थरथरायचा. वरचं ओढणं खांबातून हाताला लागत होतं आणि खाली पायाशी येऊन संपत होतं. आत्या दोनदा उठून आली. दुसऱ्यांदा शेजारीच बसली आणि तिनं पण हात लावला. सकाळी घरावरची तीन कौलं खाली आली होती, पडवी होती तिथे होती. तो वारा आमच्याकडे निसर्गएवढा नव्हता, त्यामुळे पडवीची परीक्षा झाली असं मी म्हणणार नाही.

आता माझ्याकडे येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, पत्रा किती एमएमचा? दुसरा, कुठल्या कंपनीचा? तिसरा, फुटाला भाव काय? फ्रेम कशाला बांधणार, हे अजून एकानंही विचारलेलं नाही. मी स्वतःहून सांगतो, पायाचा आणि पट्ट्याचा खर्च धरून भाव देतो, आणि दहातले पाच-सहा दुसरीकडे जातात. वाईट वाटतं. पैशांचंही वाटतं, पण जास्त वाईट वाटतं ते पुढे त्या रस्त्यानं जाताना ती शेड बघून. पनवेल, मुंबईकडे तर इमारतींच्या गच्चीवर पावसाळी शेड सर्रास होतात. खांबाच्या प्लेटीला तीन इंची फास्टनर, म्हणजे भोकात घट्ट होणारे बोल्ट, मारतात, आणि गच्चीवर वरचे चार इंच गळती थांबवायला केलेला कोबा असतो. फास्टनर कोब्यातच संपतो, खालच्या स्लॅबपर्यंत पोचतही नाही. मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, ताशी १५८ किलोमीटर. आपल्या गच्चीवर शेड असेल तर एवढंच विचारा, हा बोल्ट कुठपर्यंत गेलाय? उत्तर देताना मिस्त्री अडखळला तर काम थांबवा. तो वाईट माणूस असेलच असं नाही. मीही वाईट नव्हतो.

दर मे महिन्यात मी आत्याकडे जातो. उन्हानं वायसरचं रबर कडक होतं, चिरतं. एकेक स्क्रू हातानं बघतो, यावर्षी अकरा बदलले. आत्या आता चौऱ्याहत्तरची आहे, खाली उभी राहून स्क्रूची बरणी धरते आणि किती झाले ते मोजते.

जुन्या सात पत्र्यांतला एक तिनं ठेवलाय. वाकलेला आहे, पण परसात लाकडांच्या रचेवर झाकायला पुरतो. उडू नये म्हणून त्यावर चार चिरे ठेवलेत, फ्रेमबरोबर वाडीत गेलेले तेच. मी दरवर्षी तो पत्रा तारेनं खालच्या खुंटांना बांधून येतो. ती म्हणते, "चिरे आहेत की." पुढच्या वर्षी जाईपर्यंत लाकडं काढताना तार तिनंच सोडलेली असते, आणि मी परत बांधतो.